आत्याची सही आणि पालशेतचा खटला

प्रिय विद्या,

तुझं पत्र वाचलं आणि इकडची खबरबात सोडून तडक उत्तराला बसले. आत्याच्या ऑपरेशनच्या कागदावर तुझ्या भावाने परस्पर सही केली, ते चालतं का? नाही चालत. आत्या शुद्धीवर आहे, पेन्शनसाठी बँकेत एकटी जाते. तिच्या शरीराबद्दल दुसऱ्याने हो म्हणून कसं भागेल?

संमतीशिवाय आणि कायदेशीर कारणाशिवाय मुद्दाम अंगाला हात लावला, की अपकृत्याच्या कायद्यात ती बॅटरी. त्यात इजा व्हायलाच हवी असं नाही. रत्नागिरी स्टँडवर एसटीत चढताना खांदे घासतात, ती बॅटरी नव्हे. गर्दीत तेवढं गृहीतच असतं. पण त्याच गर्दीत कोणी मुद्दाम कमरेवर हात ठेवला, तर गर्दीची सबब चालत नाही.

डॉक्टरही यातून सुटत नाहीत. दिल्लीच्या समीरा कोहली फक्त तपासणीच्या लॅप्रोस्कोपीला तयार झाल्या होत्या. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईला विचारून गर्भाशय आणि अंडाशय काढले. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आईचा होकार हा मुलीचा होकार नव्हे, ही बॅटरीच. डॉक्टरांचा हेतू चांगला होता हे मानूनही! जीव वाचवायची घाई असती तर गोष्ट वेगळी. भरपाई मात्र 25,000 रुपये. मला ती फारच तुटपुंजी वाटते.

आपल्या पालशेतची केस याच्या शेजारी ठेवून बघ. मे 1953 मध्ये तिथल्या पुळणीवर वीस वर्षांच्या मुलाची मांडी मोडली. टॅक्सीने पुण्याला नेलं. तिथे डॉ. जोशींनी पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं आणि पोरगा गेला. वडील गोडबोले स्वतः डॉक्टर. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ हा खटला 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला, भरपाई 3,000 रुपये. उपचारासाठी मुलाला तिथे आपणहून नेलं होतं, म्हणून तो निष्काळजीपणाचा दावा. कोहलींच्या बाबतीत ते अवयव काढायची मुळात परवानगीच नव्हती.

तेव्हा आजच आत्याला फोन कर. फॉर्म नवा मागू दे, डॉक्टरांसमोर बसून वाचू दे. ‘गरज भासल्यास अन्य शस्त्रक्रिया’ अशी ओळ असेल, तर कोणती, ते विचारून नको असेल ते खोडू दे. भावाला मी समजावते, तो माझं ऐकतो.

तुझी,
सुनंदा