सवलतीचे वजन

वस्तू स्वस्त मिळाली की माणसाला आनंद होतो आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ एक शंकाही येते, की ही स्वस्त का? भाजीबाजारात या शंकेचे उत्तर तेथल्या तेथे मिळते. संध्याकाळ झालेली असते, मेथी मलूल पडलेली असते, विक्रेतीला घरी परतायचे असते. जुडीचा भाव निम्म्यावर का आला, हे डोळ्यांना दिसते. कापडाचेही थोडेबहुत तसेच. ते ताणून पाहता येते, उजेडात धरता येते. बंद खोक्यातून निघणाऱ्या यंत्रापुढे मात्र डोळे, हात आणि आजवरचा अनुभव यांचे फारसे चालत नाही. दुकानात लॅपटॉपचे झाकण उघडले, पडदा उजळला, अक्षरे उमटली, की परीक्षा संपली. तेच यंत्र तीन वर्षांनी कसे वागेल, हे त्या उजळलेल्या पडद्यावर कोठेही लिहिलेले नसते.

अतिशय हलक्या लॅपटॉपच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच अवघड होतो. १९८१ मध्ये अमेरिकेत ‘ऑस्बोर्न १’ नावाचा संगणक ‘सोबत नेता येण्याजोगा’ म्हणून बाजारात आला, तेव्हा त्याचे वजन सुमारे ११ किलो होते. जानेवारी २००८ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी एका कागदी पाकिटातून ‘मॅकबुक एअर’ बाहेर काढून दाखवला, तो १.३६ किलोचा होता. पुढे २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ ही कल्पना पुढे आणली आणि सडपातळ लॅपटॉप अनेक कंपन्यांच्या दुकानांत दिसू लागले. टाळ्या पडल्या त्या वजनाला. वजन नेमके कशातून कमी केले, याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले.

जुन्या जाड लॅपटॉपच्या तळाला झाकणे असत. खटका सरकवला की बॅटरी हातात येई. दोन स्क्रू काढले की स्मृतिपट्टी, म्हणजे रॅम, बदलता येई. या झाकणांना, खटक्यांना आणि खाचांना जागा लागते आणि जागेबरोबर वजनही येते. म्हणून हलक्या यंत्रातून ती काढून टाकली गेली. बहुतेक अशा यंत्रांत रॅम मुख्य पटावर, म्हणजे मदरबोर्डवर, कायमची डाखवलेली असते. बॅटरी पुष्कळदा आत चिकटवलेली असते. काहींचा कीबोर्ड वरच्या आवरणाला असा जखडलेला असतो, की एक कळ रुसली तरी सगळे आवरण बदलावे लागते. एखादी चिमुकली चकती निकामी झाली, की अधिकृत सेवा केंद्र सहसा ती दुरुस्त करीत नाही, सबंध पट बदलते. आणि वॉरंटी संपल्यावर त्या पटाची किंमत ऐकून अनेकांना नवे यंत्र घेणेच बरे वाटू लागते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो प्रकार येथे अक्षरशः घडतो. याचा अर्थ हलकी यंत्रे वाईट असतात असा नव्हे. गावातल्या दुरुस्तीवाल्याच्या हाताला मात्र त्यांच्यात फारसा वाव उरत नाही. जे काही करायचे ते कंपनीने करायचे, आणि म्हणून कंपनी कोठे आहे, हा प्रश्न यंत्राइतकाच महत्त्वाचा ठरतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडजवळ किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसपासून थोड्या अंतरावर राहणाऱ्या ग्राहकाला हा प्रश्न तितका टोचत नाही. मध्य प्रदेशात, तापीच्या उगमाशी वसलेल्या मुलताईत राहणाऱ्या एका हिशेबनीस बाईला तो चांगलाच टोचला. घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणारे हे गाव. लहान दुकानदारांचे हिशेब लिहिणे, त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरणे आणि बचत गटांच्या वह्या पाहणे, हा तिचा व्यवसाय. त्यासाठी कधी प्रभातपट्टन, कधी आठनेर असा बसचा प्रवास घडतो. तिचा जुना लॅपटॉप २.४ किलोचा. त्यात चार्जर, दोन-तीन खातेवह्या आणि पाण्याची बाटली मिळवली, की दिवसाअखेरीस उजवा खांदा बोलू लागतो. त्यामुळे नव्या यंत्राचे वजन ही तिच्या दृष्टीने चैनीची बाब नव्हती. शहरातल्या माणसाला हे पुष्कळदा समजत नाही. हलके यंत्र म्हणजे विमानाने हिंडणाऱ्यांची हौस, असा त्याचा समज असतो.

नागपूरला, सीताबर्डीच्या एका दुकानात, तिला हवे तसे यंत्र दिसले. वजन ९८० ग्रॅम. मूळ किंमत ७४,९९० रुपये, सवलतीत ५२,००० रुपये. शेजारीच दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप होता, १.६ किलोचा, ६४,००० रुपयांचा. पण त्याचे तळाचे आवरण स्क्रूने उघडत होते, रॅम बदलता येत होती आणि दुरुस्तीसाठी माणूस घरी येईल, असे कंपनीचे आश्वासन होते.

“ताई, बारा हजार वाचतात. आणि हातात घेऊन तर पाहा,” दुकानदार म्हणाला.

तिने हातात घेतले आणि विचारले, “भाऊ, एवढी सूट कशापायी?”

प्रश्न योग्य होता. अशी सवलत पुष्कळ कारणांनी मिळते आणि सगळी कारणे सारखी नसतात. प्रक्रियकाची, म्हणजे प्रोसेसरची, नवी पिढी आली की आदल्या वर्षीचा माल काढून टाकायचा असतो. दसरा-दिवाळीच्या आसपास हे सर्रास घडते आणि त्यात ग्राहकाचे सहसा नुकसान नसते. मात्र माल गोदामात फार काळ पडून राहिला असेल, तर लिथियम-आयन बॅटरी न वापरताही म्हातारी होत जाते. कधी यंत्र दुकानातील मांडणीचे असते, कधी कोणी परत केलेले, कधी परदेशातून आडवाटेने आणलेले. या शेवटच्या प्रकारात भारतात वॉरंटी चालेलच असे नाही. नूतनीकृत म्हणून विकली जाणारी काही यंत्रे तर इतकी जुनी असतात, की त्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. कधी कंपनीच त्या धंद्यातून बाहेर पडण्याच्या बेतात असते. देखण्या, हलक्या लॅपटॉपसाठी नावाजलेल्या सोनी कंपनीने आपला ‘वायो’ संगणकांचा व्यवसाय २०१४ मध्ये विकून टाकला. नाव मोठे असले म्हणजे दुकान कायमचे उघडे राहते, असे नाही.

येथे कारण साधे निघाले. गतवर्षीचा नमुना, खोके न फोडलेले. दुकानदाराने यंत्राचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून दाखवला. भारतातील वॉरंटी एक वर्षाची दिसली. दुसरा एखादा ग्राहक येथेच पैसे मोजून मोकळा झाला असता. ही बाई मात्र दुकानातून निघाली आणि रिक्षा करून त्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेली. खरेदीच्या आधी सेवा केंद्र पाहून येणारी माणसे विरळा. सोयरिकीच्या वेळी आपण मुलाच्या गावी जाऊन चौकशी करतो. यंत्राच्या बाबतीत ते कोणाला सुचत नाही.

पहिल्या मजल्यावरची एक खोली, एक टेबल, मागे लोखंडी मांडणी. मांडणीवर ओळीने ठेवलेले लॅपटॉप आणि प्रत्येकावर चिकटवलेली तारखेची चिठ्ठी. बाईने चिठ्ठ्या वाचल्या. काही त्याच आठवड्यातल्या होत्या, दोन मात्र सव्वा महिन्यापूर्वीच्या. टेबलावरचा मुलगा प्रामाणिक होता. “पार्ट इथे असला तर दोन दिवस, मॅडम. मागवावा लागला तर आठ-दहा. बोर्ड असेल तर मी तारीख सांगत नाही.” घरी येऊन दुरुस्ती होते का, असे विचारताच त्याने मुलताईचा पिन कोड घालून पाहिला. यादीत तो नव्हता. दुसऱ्या कंपनीला तिने तेथूनच फोन लावला. त्यांच्या यादीत तो होता.

आता गणित बदलले. मासिक विवरणपत्रे भरणाऱ्या दुकानदारांसाठी दर महिन्याची ११ आणि २० या तारखा ठरलेल्या. विवरणपत्र चुकले की दिवसागणिक विलंब शुल्क लागते आणि दुकानदार ते हिशेबनिसाच्या नावाने बोटे मोडत भरतो. लॅपटॉप १२ तारखेला बंद पडून २२ तारखेला परत आला, तर गेलेले दहा दिवस कोणत्या वॉरंटीत भरून येतात? वॉरंटी यंत्राची असते, दिवसांची नसते. शिवाय नागपूरला यंत्र पोचवायला एक दिवस, आणायला एक दिवस, रेल्वेने जाऊन-येऊन दर खेपेला पाच तास.

कायदा पाठीशी आहे, हे खरे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागला, आणि त्यात दूरच्या गावातील ग्राहकाच्या दृष्टीने फार मोलाची एक तरतूद आहे: ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही त्याला तक्रार करता येते. मुलताईच्या ग्राहकाला त्यासाठी कंपनीच्या गावी जावे लागत नाही. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. बिल नीट जपलेले असले तर हे सारे उपयोगी पडते. तरीही आयोगाकडून मिळते ती भरपाई, आणि तीही काही काळाने. वीस तारखेला विवरणपत्र भरायचे असते तेव्हा आयोग कामाला येत नाही, चालू यंत्रच लागते.

यंत्र टिकाऊ आहे का, हे तिने ओळखीच्यांना विचारले नाही असे नाही. एकाचे त्याच कंपनीचे यंत्र सहा वर्षे विनातक्रार चाललेले. दुसरीचे सातव्या महिन्यात बिजागरीपाशी तडकलेले. यातून काय ठरवावे? एका यंत्रावरून साऱ्या यंत्रांची पारख होत नाही. त्यातही ज्याचे बिघडते तो चार ठिकाणी सांगतो. ज्याचे चालते तो कामाला लागलेला असतो.

शेवटी तिने हलके यंत्रच घेतले. वरवर पाहता हा निर्णय अविचाराचा वाटेल. तिच्याजवळ जुना लॅपटॉप नसता, तर तो तसा ठरलाही असता. एकाच यंत्रावर ज्याची रोजीरोटी आहे आणि सेवा केंद्र ज्याच्यापासून दूर आहे, त्याने ते जाड, महाग यंत्र मुकाट्याने घ्यावे. तिच्या जुन्या यंत्राला मात्र तळाला स्क्रू होते. मुलताईतल्याच दुरुस्तीवाल्याने त्याची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, बॅटरी बदलली, आणि ते पुन्हा बऱ्यापैकी चालू लागले. त्याचा खर्च वाचलेल्या बारा हजारांतून झाला. उरलेली रक्कम तिने पोस्टात वेगळी ठेवली. सवलत मिळाली म्हणून साडी घ्यावी, असे घरी सुचवले गेले. तिने ते हसून टाळले. कंपनीने जो भरवसा दिला नव्हता, त्याचे पैसे तिच्या हाती आले होते, आणि ते खर्चायचे नव्हते.

दुकानात बिल करताना तिने यंत्राचा क्रमांक बिलावर लिहून घेतला आणि यंत्राच्या तळाशी छापलेल्या अंकांशी बोट ठेवून ताडून पाहिला. दुकानदाराला एक अंक खोडून पुन्हा लिहावा लागला.

नवे यंत्र आता बसमध्ये मांडीवर मावते. जुने घरी, कपाटाच्या खालच्या कप्प्यात असते. दर शनिवारी रात्री जेवणे आटोपल्यावर ती ते बाहेर काढते, चार्ज करते आणि आठवड्याचे सगळे हिशेब पेन ड्राइव्हने त्याच्यावर उतरवून ठेवते. या कामाला साधारण अर्धा तास लागतो.