मुळांना बिलगलेली माती

हिवाळ्यात शतावरी खणतात. कुदळीच्या घावासरशी बुडातून पांढुरक्या, बोटाएवढ्या जाड मुळांचा झुबका वर येतो. तो झटकला की ढेकळं गळून पडतात. तरी मातीचा एक पातळ थर मुळांना सोडत नाही. पुढे मुळं धुतात तेव्हा तोही वाहून जातो. मला त्या थराचं फार अप्रूप आहे.

1904 साली जर्मनीतल्या लोरेन्ट्झ हिल्टनर या शास्त्रज्ञाने त्याला रायझोस्फिअर म्हटलं. पानांनी केलेल्या साखरेतला वाटा झाड मुळांवाटे तिथे सोडतं, सोबत आपली कडू-तुरट रसायनंही. मग लग्नघरासारखी तिथे जिवाणूंची आणि बुरशींची गर्दी उसळते. गर्दी आली की चढाओढही आली. काही जिवाणू शेजाऱ्याला रोखणारी द्रव्यं बनवतात, आणि त्यांतल्या काहींमुळे मूळ कुजवणाऱ्या बुरशीलाही आळा बसतो. औषधी झाडांची रसायनं निराळी, म्हणून त्यांच्या मुळांशी जमणारा गोतावळाही निराळा. औषधांच्या शोधात संशोधक तिथे वळतात ते याचसाठी.

चिमूटभर माती पाण्यात कालवून, ते पाणी पातळ करत काचेच्या बशीत आगरच्या जेलीवर पसरतात. आठवडाभरात पांढरे, भुरभुरीत ठिपके उगवतात: स्ट्रेप्टोमायसिस कुळातले जिवाणू. पहिल्या पावसात मातीला येणारा वास याच कुळाने बनवलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा. ठिपक्याशेजारी रोगकारक बुरशी वाढवली, तर कधीकधी ती थोड्या अंतरावरच थबकते आणि मधे स्वच्छ कडं उरतं. कडं दिसलं म्हणजे औषध झालं असं नव्हे. ते द्रव्य माणसाला सोसेल का, हे ठरवण्यात वर्षं जातात. पण सुरुवात तिथूनच होते.

याच कुळाने 1943 मध्ये अमेरिकेत अल्बर्ट शाट्झ यांच्या हाती क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन दिलं. आपल्या पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कंपनीत, एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी बुरशीवरचं हॅमायसिन शोधलं. ते बनवणाऱ्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. आपल्या गावाचं नाव एका जिवाणूने असं मिरवावं, याचा मला अभिमान वाटतो.

शतावरी, अश्वगंधा आपण तोलून विकतो. मातीला मात्र मोल देत नाही. रानातलं झाड समूळ उपटलं की त्याचा गोतावळाही विस्कटतो, आणि दुसरीकडे रोप लावून तो जसाच्या तसा जमत नाही. म्हणून रानात खणणाऱ्यांना आणि खणून घेणाऱ्यांना एवढंच सांगणं: शतावरीचा गड्डा थोड्या मुळांसकट जागेवरच राहू द्या, आणि झटकलेली माती त्याच खड्ड्यात परत लोटा.