मनगटावरचा खर्च

मराठी मध्यमवर्गीय माणसाला हौस म्हणून खर्च करणे जड जाते. सोने घेतले तर ती अडीअडचणीची सोय असते, जागा घेतली तर मुलांची तरतूद असते. पैठणीसुद्धा ‘जन्मभर टिकते, नातीच्या लग्नात नेसता येईल’ असे स्वतःला बजावत घेतली जाते. आवडली म्हणून घेतली, एवढे सरळ वाक्य उच्चारायला आपली जीभ रेटत नाही. हौसेला तरतुदीचा मुखवटा चढवायची ही सवय आता मनगटी घड्याळापर्यंत पोचली आहे.

माझा भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत फराळ करता करता त्याने मोबाइलवर एका स्विस घड्याळाचा फोटो माझ्यापुढे धरला आणि किंमत सांगितली. त्या आकड्यात आमच्या काळी सदनिका येत असे. माझा चेहरा पाहून तो म्हणाला, “मामा, हा खर्च नाही, इन्व्हेस्टमेंट आहे. पाच वर्षांत डबल.” मी उभे आयुष्य बँकेत काढले. ‘पाच वर्षांत डबल’ हे शब्द कानावर पडले की मी सावध होतो, मग ते शब्द प्लॉटबद्दल असोत, भिशीबद्दल असोत की घड्याळाबद्दल. सणाच्या दिवशी वाद नको म्हणून मी चकलीकडे वळलो. विषय मात्र मनातून गेला नाही.

भाच्याची बाजू लंगडी नाही. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन मोटारींच्या शर्यतीत उतरायचा. त्याची पत्नी जोअॅन वुडवर्ड हिने त्याला रोलेक्सचे डेटोना घड्याळ दिले आणि मागच्या झाकणावर ‘गाडी जपून चालव’ अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले. काही शे डॉलरचे ते घड्याळ 26 ऑक्टोबर 2017 रोजी न्यूयॉर्कमध्ये लिलावात निघाले आणि 1 कोटी 77 लाख डॉलरना गेले; तेव्हाच्या दराने सुमारे 115 कोटी रुपये. पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या कंपनीने 2021 मध्ये आपले ‘नॉटिलस 5711’ हे साधे पोलादी मॉडेल बंद करायचे ठरवले. जाता जाता निळसर-हिरव्या तबकडीची 170 घड्याळे काढली. दुकानातली किंमत बावन्न हजार डॉलरच्या आसपास. त्यातले एक त्याच डिसेंबरात लिलावात पासष्ट लाख डॉलरना गेले. लिलावाचे पैसे धर्मादायाला जाणार होते, म्हणून बोलीला जोर चढला हे खरे; पण असे आकडे वाचल्यावर तिशीतल्या मुलाचे डोळे दिपले तर त्याला काय म्हणायचे?

मात्र त्याच बातमीचा पुढचा भागही वाचायला हवा. करोनाच्या काळात जगभर पैसा स्वस्त झाला होता, आभासी चलनांत रातोरात श्रीमंत झालेले तरुण ओळखीची खूण म्हणून विशिष्ट घड्याळे शोधत होते आणि कारखान्यांतून माल जेमतेम येत होता. दुकानात नंबर लावायचा, घड्याळ हाती आले की दुसऱ्या दिवशी दीड-दोन पटीने विकायचे, असा धंदाच उभा राहिला. 2022 मध्ये व्याजदर वाढू लागले, आभासी चलने कोसळली आणि जुन्या घड्याळांच्या बाजाराचा वारा पडला. शिखरावर घेतलेल्यांच्या हाती सुंदर घड्याळ आणि मोठा तोटा, असे दोन्ही राहिले. शिवाय ही चढ-उताराची गोष्ट मोजक्या दोन-तीन कंपन्यांच्या मोजक्या मॉडेलांची. बाकीची बहुतेक घड्याळे दुकानाचा उंबरा ओलांडताच स्वस्त होतात.

बँकेतली सवय म्हणून मी या गुंतवणुकीचा ताळेबंद मांडून पाहिला. घड्याळ व्याज देत नाही, लाभांश देत नाही, त्याला भाडे येत नाही. विकत घेताना भरलेला 18 टक्के जीएसटी विकताना कोणी परत करत नाही. विकायला गेलो की घेणारा व्यापारी स्वतःचा नफा बाजूला काढूनच भाव सांगतो. किल्लीचे असो वा आपोआप चालणारे, यांत्रिक घड्याळ दर काही वर्षांनी उघडून, धुऊन, तेल घालून घ्यावे लागते, आणि उंची घड्याळाची ही सर्व्हिसिंग एखाद्या नव्या चांगल्या घड्याळाच्या किमतीला पडते. चोरीची धास्ती, विम्याचा हप्ता आणि नकली मालाची भीती आहेच. त्यात स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी झालेला आपला व्यापार करार ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला आणि स्विस घड्याळांवरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. आज पूर्ण शुल्क भरून घेतलेल्या घड्याळाला उद्या त्याच दुकानातल्या कमी शुल्काच्या नव्या घड्याळाशी स्पर्धा करायची आहे. भाच्याच्या हिशेबात हा रकाना नव्हता.

प्राप्तिकराचा कायदाही इथे मजेशीर आहे. वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तू त्याने भांडवली मालमत्तेतून वगळल्या आहेत. दागिने, चित्रे, शिल्पे मात्र वगळलेली नाहीत. म्हणजे साधे पोलादी घड्याळ कायद्याच्या लेखी वापरायची वस्तू. पण फायद्यासाठी घेतले आणि कधीच न घालता लॉकरमध्ये ठेवले, तर ते वापरासाठी होते असे कोणत्या तोंडाने सांगणार?

परदेशातली मोठी घड्याळे राहू द्या. आमच्या घरातले उदाहरण घेऊ. वडिलांनी 1970 मध्ये एचएमटीचे ‘जनता’ घड्याळ सव्वाशे रुपयांना घेतले. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला 1961 मध्ये एचएमटीची घड्याळे निघू लागली आणि पहिली खेप पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. पुढे कित्येक वर्षे या घड्याळांसाठी वशिला लावावा लागे. मॅट्रिक झालेल्या मुलाला, लग्नात जावयाला, निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांना एचएमटीच मिळायचे. 2016 मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला आणि जुन्या ‘जनता’, ‘पायलट’, ‘कांचन’ यांच्यामागे शौकीन लागले. आज वडिलांच्या घड्याळाचे कोणी काही हजार रुपये देईल. सव्वाशेचे काही हजार झाले म्हणजे नफाच नफा, असे वाटते. पण 1970 मध्ये दहा ग्रॅम सोने दोनशे रुपयांच्या आत मिळत होते. त्याच सव्वाशेचे सहा ग्रॅमहून जास्त सोने आले असते आणि दहा ग्रॅमला लाखाचा भाव धरला तरी त्याचे आज साठ हजारांच्या वर झाले असते. आईने तेव्हा बांगड्यांचा आग्रह धरला होता. गुंतवणूक म्हणून तिचेच बरोबर होते.

तरीही काही घड्याळे सोन्याला मागे टाकतात. ती कोणती, हे पाहिले की गंमत कळते. ज्या तबकडीला आज ‘पॉल न्यूमन’ म्हणतात, ती साठ-सत्तरच्या दशकांत गिऱ्हाइकांना भडक वाटायची. दुकानांत ती घड्याळे धूळ खात पडून राहिली, म्हणून कमी बनली, म्हणून आज दुर्मीळ झाली. ज्यांनी घेतली त्यांनी घातली, आपटली, कोणाला देऊन टाकली. खुद्द न्यूमनने आपले घड्याळ 1984 मध्ये मुलीच्या मित्राला सहज काढून दिले, कारण त्या पोराकडे घड्याळ नव्हते. आज उलट आहे. ‘मर्यादित आवृत्ती’ असा शिक्का मारून निघालेले घड्याळ घेणारा प्रत्येकजण ते खोक्यासकट, पावतीसकट, वरचे प्लास्टिकही न काढता जपून ठेवतो आहे. पन्नास वर्षांनी ती सगळीच्या सगळी कोरी करकरीत बाजारात येतील. सगळ्यांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार?

याहून जुनी गोष्ट 1969 ची. त्या नाताळच्या दिवशी जपानच्या सेइकोने ‘अॅस्ट्रॉन’ हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे एका छोट्या मोटारीएवढी. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तेच तंत्र इतके स्वस्त झाले की स्विस कारखान्यांचे कंबरडे मोडले आणि हजारो कारागीर बेकार झाले. ल लोक्ल गावातल्या झेनिथ कारखान्याला त्याच्या अमेरिकी मालकांनी 1975 मध्ये यांत्रिक घड्याळे बंद करून हत्यारे-साचे विकून टाकायला सांगितले. शार्ल व्हेर्मो नावाच्या तिथल्या कारागिराने हुकूम न जुमानता ‘एल प्रिमेरो’ या यंत्राचे साचे, नकाशे, अवजारे माळ्यावर नेऊन लपवली. दहा वर्षांनी यांत्रिक घड्याळांना पुन्हा मागणी आली तेव्हा ती खाली उतरली, आणि 1988 पासून रोलेक्सच्या डेटोनाच्या पोटात त्याच यंत्राची सुधारित आवृत्ती चालू लागली. त्या वेळी कोणाही हिशेबी माणसाने भंगाराच्या बाजूनेच मत दिले असते. व्हेर्मोला ते यंत्र मोडलेले बघवत नव्हते, इतकेच. आजचा कोट्यवधींचा बाजार अशा बेहिशेबी माणसांच्या लोभावर उभा आहे. भाव नंतर आला.

म्हणून मला वाटते, घड्याळाच्या बाबतीत गुंतवणूक आणि आनंद एका मनगटावर सुखाने नांदत नाहीत. भाव टिकवायचा तर ओरखडा नको, घाम नको, पॉलिश नको, पट्टा बदलायला नको. थोडक्यात, घालायलाच नको. आनंद हवा तर हे सगळे होणार. हापूसची पेटी घरात आणायची आणि आंबे न चिरता रोज बाजारभाव विचारत बसायचे, तशी ही गुंतवणूक.

आता आनंद म्हणजे नेमके काय, हेही बघायला हवे, कारण तो वेळ कळण्यात नाही. वेळ खिशातला फोन सांगतो. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. कॅसिओचे ‘एफ-91डब्ल्यू’ हे 1989 पासून चालत आलेले प्लास्टिकचे घड्याळ महिन्याला फार तर तीस सेकंद चुकते. क्रोनोमीटरचे प्रमाणपत्र मिरवणाऱ्या लाखमोलाच्या स्विस यंत्राला मात्र रोज चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जाण्याची मुभा असते. म्हणजे अचूकतेसाठी महाग घड्याळ घेणारा फसलाच. पण झाकण उघडून पाहा. केसाएवढी बारीक स्प्रिंग श्वास घेतल्यासारखी उघडते-मिटते, लाल खड्यांवर चाके फिरतात, आणि सेल नाही, वायर नाही, सकाळी दिलेल्या किल्लीवर तो सगळा संसार दुसऱ्या दिवसापर्यंत चालतो. हे बघून ज्याला बरे वाटते त्याने यांत्रिक घड्याळ घ्यावे. ज्याला वाटत नाही त्याने कितीही मोठे नाव घेऊ नये.

हा आनंद फार महागही नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात दोन-तीन हजारांत किल्लीचे घड्याळ मिळते. मात्र नजर हवी. कारखान्याने कधी काढलेल्याच नाहीत अशा केशरी, पोपटी तबकड्या रंगवून जुन्या यंत्रांवर बसवलेली एचएमटी तिथे ढिगाने असतात. परदेशातले शौकीन त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. गुंतवणूक म्हणून त्यांची किंमत शून्य. पण ज्याला तो केशरी रंगच आवडला आहे, त्याचे काय बिघडले? त्याच्यासाठी ते घड्याळ अस्सलच आहे, फक्त त्याने ते अस्सल म्हणून दुसऱ्याला विकू नये. आणि पैसे खर्चायचेच तर आधी एक चांगला दुरुस्तीवाला शोधावा. डोळ्याला भिंग लावून बसणारी ती माणसे पेठांतून कमी होत चालली आहेत. त्यांच्यावाचून जुने घड्याळ म्हणजे नुसता पट्टा.

श्रीमंतांच्या जाहिरातीही आपल्यासारख्याच सबबी पुरवतात. पाटेक फिलिप 1996 पासून सांगत आली आहे की आमचे घड्याळ तुमच्या मालकीचे नसते, पुढच्या पिढीसाठी तुम्ही ते केवळ सांभाळता. वा रे युक्ती! लाखोंची खरेदी एका वाक्यात वारसा होते. पण पुढच्या पिढीला वारसा घड्याळाच्या किमतीतून मिळत नाही. वडिलांचे ‘जनता’ मी विकणार नाही, कारण त्याच्या काचेवर त्यांच्या सायकलच्या पडझडीचे ओरखडे आहेत. ते जर त्यांनी गोदरेजच्या कपाटात जपले असते, तर आज मी त्याला भाव विचारला असता.

भाच्याने विचारले तर त्याला हेच सांगेन, आणि वाचकांनाही. दुकानात काउंटरपुढे उभे असताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: उद्या याची किंमत निम्मी झाली, तरी हे रोज हातात घालावेसे वाटेल का? उत्तर मनापासून ‘हो’ आले आणि त्या पैशावाचून घरातले काही अडणार नसेल, तर खुशाल घ्या, घरी खर्च म्हणूनच सांगा, आणि प्लास्टिक त्याच दिवशी काढून टाका. उत्तर देताना जरा जरी अडखळलात, तर दुकानातून बाहेर या. पैसे वाढवायला मुदतठेव आहे, म्युच्युअल फंड आहे, आणि आमच्या आईचे ऐकायचे तर बांगड्या आहेत.