सोप्यावरचा दगड

वीज जाणे ही आमच्या अंत्रुज महालात नवलाची गोष्ट नव्हे. मृगाआधीचे दोन मेघ गडगडले की दिवे जातात आणि देवघरातली समई तेवढी शांतपणे तेवत राहते. तिच्या उजेडात बसले म्हणजे आपणही जुन्या काळातली काटक माणसे आहोत, असा एक गोड भ्रम मला होत असे. १६ मे २०२१ च्या रविवारी तो फिटला.

त्या दिवशी तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. (ब्रह्मदेशाने सुचविलेल्या या नावाचा अर्थ म्हणे पाल!) माड-फणस विजेच्या तारांवर कोसळले. पंप थांबला. विहीर होती, परंतु राहाटाचा दोर कधीच कुजून गेला होता. आणि बंद पडलेल्या फ्रीजमध्ये आईच्या इन्शुलिनच्या तीन न फोडलेल्या कुप्या होत्या. चालू कुपी काही आठवडे बाहेर टिकते हे मला ठाऊक होते. परंतु तिन्ही एकदम उष्म्यात राहिल्या, तर तिघींचेही दिवस एकदमच भरणार. संचारबंदीत नव्या मिळवायच्या कोठून? आईने सुचविल्याप्रमाणे ओल्या वाळूत मडके रोवले, पण त्या दमट हवेत वाळूतले पाणी सुकेना, आणि पाणी सुकल्यावाचून मडके निवत नाही.

सोमवारी दुपारी गॅसचा टेम्पोवाला आला. वाटेवर फणस आडवा पडलेला. त्याने टेम्पो पलीकडेच ठेवला आणि तीसएक किलोचा सिलिंडर खांद्यावर घेऊन चढण चढला. महामारी सुरू झाल्यापासून माझी एक रीत ठरलेली होती. सिलिंडर तुळशीवृंदावनापाशी ठेवायचा, पैसे सोप्यावर दगडाखाली ठेवलेले असत, ते उचलायचे आणि जायचे. मी खिडकीतून पाहत असे. आम्हां वृद्धांना भय होते हे खरे. पण भयाबरोबर थोडा आळस आणि थोडी तुसडेपणाची सोयही होती, हे आज कबूल करावेसे वाटते.

त्या दिवशी मीच बाहेर गेलो.

तो खानापूरकडचा, मराठी आपलीच. माझे बोलणे पुरते व्हायच्या आत म्हणाला, "काका, फोंड्यात औषधाचं एक दुकान जनरेटरवर चालू आहे. द्या, ठेवून येतो."

मी घुटमळलो. तीन कुप्या, आणि ज्याच्याशी कधी दोन शब्द बोललो नाही असा माणूस! आईने आतून थर्मास पाठविला. त्याने माझा फोनही नेला, टेम्पोतच भरून संध्याकाळी परत आणला, आणि येताना राहाटासाठी सुंभाचा नवा दोर. दोराचे पैसे घेतले, अधिक दिलेले दगडाखाली ठेवून गेला.

चौथ्या दिवशी वीज आली आणि पाठोपाठ थर्मासही आला. कुप्या तीन, थंडगार. आईने त्याला सोप्यावर बसविले. त्याने स्वतःच राहाटाने पाणी शेंदले, तांब्या तोंडाला न लावता वरून प्यायला.

"नाव काय रे बाबा तुझे?" आईने विचारले.

त्याने सांगितले. मग माझ्याकडे पाहून सहज म्हणाला, "सहा वर्षं येतोय, आजी."