हलवून बघितलीस का?

थर्ड इयरच्या सुट्टीत मामाच्या गॅरेजमध्ये हात काळे करत होतो. एक दिवस ऑटोमॅटिक गाडी आली. मालक रिटायर्ड मास्तर. डाव्या पायाचं ऑपरेशन झालेलं, क्लच दाबणं जमत नाही. गाडी अर्धा तास छान चालायची, मग एकाच गिअरमध्ये अडकून बसायची. बंद करून चालू केली की पुन्हा शहाणी! दुसऱ्या गॅरेजवाल्याने सरळ 'गिअरबॉक्स बदला' सांगितलेलं.

स्कॅनरवर कोड आला पी०७५३, म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड 'ए'च्या सर्किटमध्ये बिघाड. मी मल्टिमीटर लावला. सोलेनॉइड १३ ओहम, वायर जवळपास शून्य. "दोन्ही ओके. म्हणजे कॉम्प्युटरच गेला," मी ऐटीत जाहीर केलं. मास्तरांचा चेहरा उतरला.

मामा एवढंच म्हणाला, "वायर हलवून बघितलीस का रे?"

त्याने वायर दोन्ही टोकांना सुटी केली, तिच्यातून २१ वॅटचा बल्ब पेटवला आणि वायर हलवत गेला. ब्रॅकेटपाशी बल्ब मिणमिणला. वरचं प्लास्टिक धडधाकट, आत तांब्याच्या तारा तुटलेल्या, एखाददुसरीच शिल्लक. मीटरचा इवलासा करंट तेवढ्यावरून आरामात जातो. सोलेनॉइडला लागणारा जवळपास १ अँपिअर हादऱ्यात कसा जाणार?

वीतभर वायर बदलली, काम झालं. मास्तरांनी माझेही आभार मानले, तेव्हा मान वर होईना.

मित्रांनो, ओहमचा नियम आपल्याला फर्स्ट इयरपासून पाठ आहे. पण जर्नलमध्ये 'ओके' लिहिण्याआधी वायर एकदा हलवून बघा!