वय निघून गेलेल्यांचा क्लब

फुलंब्री,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. बाळ्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं, पण तुझी आई म्हणाली की टी-शर्टांचा रंगसुद्धा ठरवून बसला आहेस. म्हटलं, मग कागद घेऊनच बसावं. साताऱ्याची हिल मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढून पुरी केलीस, पुण्यात दर रविवारी तुम्ही तीस-चाळीस जण मिळून पळता, पळून झालं की इडली खाता आणि फोटो काढता. असा एक क्लब आपल्या फुलंब्रीतही असावा, जानेवारीत पहिली एकवीस किलोमीटरची शर्यत घ्यावी, असा तुझा बेत. आणि शेवटी विचारलंस, "मामा, पण गावात कुणी पळतं का?"

पहाटे पाचला मैदानावर ये, म्हणजे कळेल. साठ-सत्तर मुलं असतात, दहा-बारा मुली असतात. आळंद, बाबरा, वडोद बाजार, पाल, गणोरी अशा गावांहून एका मोटारसायकलवर तिघं-तिघं येतात. काही जण इथेच खोली करून राहिलेत. मैदानाला दिवे नाहीत, म्हणून चार कोपऱ्यांना चार मोटारसायकली लावून त्यांच्या उजेडात सराव चालतो. दोनशे मीटरची फेरी टेपने मोजून चुन्याने आखली आहे. मी निवृत्त झाल्यापासून झोप चारलाच मोडते, त्यामुळे घड्याळ धरायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. या जमावाला कुणी क्लब म्हणत नाही. गावाच्या लेखी ती 'भरतीची पोरं'.

त्यांचं गणित तुला सांगतो. पोलीस शिपाई भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, ५० गुणांचं. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, शंभर मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. मुलींना सोळाशेऐवजी ८००. मुलाला पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत निघायला हवं, म्हणजे आमच्या मैदानाच्या आठ फेऱ्या, प्रत्येक फेरी ३९ सेकंदांच्या आत. तुझं ॲप किलोमीटरला सहा मिनिटं दाखवतं ना? ही मुलं सव्वातीनने जातात. ५:१० ची वेळ चुकली की दोन गुण गेले, आणि दोन गुणांत कटऑफच्या अलीकडे-पलीकडे किती मुलं अडकलेली असतात ते विचारू नकोस. २०२४ च्या भरतीत १७ हजारांवर जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांहून जास्त आले होते. एका जागेमागे शंभर जण.

असं असताना त्यांनी एकमेकांचं तोंड पाहायला नको. जिल्हा तोच, पुष्कळदा प्रवर्गही तोच. एकाचं काम झालं की दुसऱ्याची जागा गेली. पण मैदानावर वेगळंच दिसतं. सोळाशेमध्ये मुलगा मोडतो तो सहाव्या फेरीला. पहिल्या चार जोशात जातात, पाचवीला छाती भरते आणि सहावीला पाय ऐकत नाहीत. एकट्याने ती फेरी निघत नाही. मग पाच मिनिटांच्या आत येणारा एखादा मुलगा आपला सराव आटोपून पुन्हा उतरतो आणि पावणेसहावर अडकलेल्याच्या पुढे पळत त्याला शेवटच्या तीन फेऱ्या ओढून नेतो. ओढणाऱ्याचं यात काय भलं? काही नाही. उद्या कदाचित हाच त्याला मेरिटमध्ये मागे टाकेल. एकाला मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाला, "सर, मलाही कुणीतरी ओढलंच होतं ना." ७ किलो २६० ग्रॅमचा गोळा वर्गणी काढून घेतलाय, तो आळीपाळीने घरी नेतात. ज्याची निवड होते तो पेढे वाटतो, बूट चांगले असतील तर मागच्यांसाठी ठेवून जातो आणि सुटीवर आला की पहाटे न सांगता मैदानावर हजर असतो.

साडेसहाला सगळं आटोपतं. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गूळ, केळं. तुझ्या इडलीच्या जागी हे. मग कुणी अभ्यासिकेत जातो, कुणी अद्रकाच्या शेतात, कुणी कापूस वेचायला. यंदा कापूस तरी कुठे राहिलाय म्हणा. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मका आणि कापूस दोन्हींची वाट लावली. आधी जे बाप म्हणायचे, "पळून काय होणार, चल वावरात," तेच आता पोरगं पहाटे उठलं नाही तर हाका मारतात.

एक गोष्ट काळजीची. राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीला ५ किलोमीटर पळावं लागतं. तेवढ्यासाठी मैदानाच्या पंचवीस फेऱ्या मारायचा कंटाळा येतो, मग मुलं जळगाव रोडवर उतरतात. वर्षानुवर्षं रखडलेला तो रस्ता आता सिमेंटचा झाला, गाड्या सुसाट जातात. सिमेंटवर पळून पायाच्या नळ्या भरतात, तो त्रास निदान दहा दिवसांत जातो. जानेवारीत बीड-परळी रस्त्यावर घोडका राजुरीजवळ पहाटे सराव करणाऱ्या मुलांना बसने उडवलं, तिघं गेले. त्या आठवड्यात इथे कुणी रस्त्यावर गेलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले.

आता तुझ्या क्लबाकडे येतो.

इथे पळायला कारण लागतं. विनाकारण पळणारा माणूस दिसला की लोक मागे कुत्रं आहे का ते बघतात. भरती हे कारण सगळ्यांना पटतं, म्हणून मुलगा पळाला तरी चालतं आणि मुलगीही पळाली तरी चालतं. पण त्या कारणाला मुदत असते. अग्निवीर व्हायचं तर एकविसाव्या वर्षी दार बंद. पोलिसात खुल्या प्रवर्गाला २८, मागासवर्गीयांना ३३. त्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी माणूस मैदानावर येत नाही. रस्त्याकडेला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक जण आहे. एकदा लेखीत, दोनदा ग्राउंडवर एखाद-दुसऱ्या गुणाने हुकला. काय सुंदर पळायचा! टाच जमिनीला लागते की नाही असं वाटायचं. वय संपलं आणि यायचा बंद झाला. मी म्हटलं, "अरे, सवय मोडू नको." तो म्हणाला, "सर, आता कशाला?"

या "आता कशाला"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते सरकारने दिलं, तेही तात्पुरतं. ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने पंधरा हजारांच्या आसपास पदं भरायला मान्यता दिली आणि २०२२ व २०२३ मध्ये ज्यांचं वय निघून गेलं त्यांना एकदाच अर्ज करायची सवलत दिली. झालं! पोटं सुटलेले, एक-दोन लेकरांचे बाप झालेले गडी मैदानावर परत आले. मोबाइलवालाही आला. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या फेरीला बाजूला जाऊन ओकला. आता सव्वासहावर आलाय. नोकरी लागेल असं त्याला स्वतःलाही फारसं वाटत नाही. पण दुकानात बसलेला तो आणि आठवी फेरी संपवून गुडघ्यांवर हात ठेवून हसणारा तो, यांत फार फरक आहे. हा अर्ज मात्र शेवटचा. ग्राउंड झालं की पुन्हा "आता कशाला" सुरू होणार.

मुलींची मुदत तर अजून कमी. भाऊ किंवा बाप मोटारसायकल घेऊन सोबत येतो तोवर पळायचं. भरती झाली तर ठीक, नाहीतर लग्न. ८०० मीटरला पूर्ण गुण २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत मिळतात. आपल्याकडची एक मुलगी त्याच्याही आत यायची. तिला इथेच दिलीय. सकाळी लेकराला अंगणवाडीत सोडायला जाताना भेटते आणि पहिला प्रश्न हाच विचारते, "सर, यंदा पोरींचं टायमिंग कितीवर आलंय?" स्वतःचं विचारण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून दुसऱ्यांचं विचारते. बारामतीच्या लता करे साठीच्या पुढे नऊवारीत अनवाणी पळाल्या, त्यांचं आपण केवढं कौतुक केलं. पण त्यांनाही कारण होतंच: नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते. बाईने नुसतं बरं वाटतं म्हणून पळावं, हे अजून आपल्या पचनी पडायचंय.

तू म्हणशील, मामा, मग अविनाश साबळे कसा झाला? तो तर आपल्याच मराठवाड्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. त्याचाच क्रम नीट बघ. तो आधी सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमधून सियाचिनला राहिला, राजस्थानात राहिला, आणि २०१५ च्या सुमाराला सैन्यातल्या क्रॉसकंट्रीपासून त्याचं शर्यतीचं धावणं सुरू झालं. पुढे २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलात स्टीपलचेसचं रौप्य, २०२३ ला हांगझोऊच्या आशियाईत सुवर्ण, २०२४ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम आणि पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. पोटाचा प्रश्न आधी मिटला, म्हणून पळण्यासाठी पळायला तो मोकळा झाला. ज्यांचा प्रश्न भरतीने मिटला नाही, पण दुकानाने, शेतीने, कसातरी मिटलाय, त्यांना असं मोकळं होता येणार नाही का? तुझा क्लब व्हायचा तर या लोकांचा व्हावा. लष्करातल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेल्या. चार वर्षं भरली की त्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील, बाकीचे घरी येतील. तेविशी-पंचविशीतले, कसलेले आणि पुन्हा "आता कशाला" म्हणणारे.

विनाकारण पळणं आपल्याला अगदीच परकं आहे असंही नाही. नवरात्रात तुळजापूरहून, माहूरहून ज्योत आणतात, शिवजयंतीला शिवनेरीहून आणतात, ते काय असतं? मागे टेम्पो, त्यात तेलाचा डबा, स्पीकर आणि झोपाळलेली दहा-पंधरा माणसं. एक जण ज्योत घेऊन पळतो, दमला की दुसऱ्याच्या हातात देतो. रात्रभर असंच. तिथे वेळ लावत नाहीत, नंबर काढत नाहीत, चाळिशीचा गडी अर्धा किलोमीटर पळाला तरी त्याला कुणी हसत नाही. भरतीत नापास झालेला आणि पास झालेला एकाच टेम्पोत बसतात. श्रावणात शुक्रवारी रात्री भद्रा मारुतीला खुलताबादेकडे चालत निघणारी गर्दी तशीच. आपली माणसं अंतराला भीत नाहीत. "कितव्या नंबरला आलास?" हा प्रश्न नसला की हवं तेवढं अंतर तोडतात.

दूरचं एक उदाहरण तुझ्या उपयोगाचं आहे. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ ला तेरा जण ५ किलोमीटर पळाले, त्यातून पार्करन सुरू झालं. ज्याने ते सुरू केलं तो स्वतः दुखापतीमुळे पळू शकत नव्हता. मित्रमंडळी भेटावीत म्हणून घड्याळ घेऊन उभा राहिला. आता कितीतरी देशांत दर शनिवारी ते होतं, फी नसते. सगळ्यांच्या मागून चालायला एक स्वयंसेवक मुद्दाम नेमतात, त्यामुळे दुसरं कुणी शेवटचं येतच नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. जानेवारीत शर्यत नको. मुलं ग्राउंडच्या तोंडावर असतील, आणि तुझ्या टी-शर्टच्या हौसेपायी कुणी एकवीस किलोमीटर पळून नळ्या भरून घेतल्या तर वर्षाची मेहनत वाया जाईल. सुरुवात १९ फेब्रुवारीनंतरच्या रविवारी कर, ज्योत आणलेली माणसं तेव्हा गरम असतात. वेळ सकाळी साडेसहाची, भरतीवाल्यांनी मैदान सोडल्यावर. पहिले काही महिने घड्याळ अजिबात नको. मी ते घरी ठेवून येईन. जोडीने पळायचं, एक जुना आणि एक नवा. साडी नेसून, चप्पल घालून, चालत, ज्याला जसं जमेल तसं. बायकांसाठी सुरुवातीला वेगळी वेळ ठेवावी लागली तर ठेवू. ती आठशेवाली मुलगी त्यांचं बघेल. मी अजून तिला विचारलेलं नाही, पण तिचं उत्तर मला माहीत आहे. टी-शर्टांचे पैसे साठवून आधी मैदानाला दोन सोलर दिवे आणि मुलींसाठी ४ किलोचा एक गोळा घे. नाव काय ठेवायचं ते ठेव, माझा आग्रह नाही. सगळ्यांच्या मागून चालायची जागा मात्र माझी, ती कुणाला देऊ नकोस.

तुझ्या आईला नमस्कार सांग. सूनबाईला म्हणावं, येताना तिनेही बूट आणावेत.

आणि नोंदणीचा कागद छापशील त्यावर नाव, गाव आणि फोन एवढंच विचार. जन्मतारखेचा रकाना ठेवू नकोस. इथल्या माणसांनी तो आजवर पुष्कळ भरलाय.

तुझा,
मामा