वाटणीनंतरची वायर

मैत्रिणींनो, आमच्या आष्ट्यातल्या जुन्या घरांच्या भिंती कशा, हात-हातभर रुंद! उन्हाळ्यात गारवा छान, पण वाय-फाय काही त्यातून नीट पलीकडे जात नाही. इंटरनेटचा डबा सोप्यात, टीव्ही माजघरात, आणि टीव्हीखाली धाकट्याला कुणाकडून मिळालेला जुना एक्सबॉक्स ३६०. हे यंत्र २००५ साली निघालं तेव्हा त्याच्या पोटात वाय-फाय नव्हतंच, वेगळा जोड घ्यावा लागे. २०१० च्या नमुन्यात ते आत आलं. आमचं त्याआधीचं!

खेळण्याला इंटरनेट कशाला, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. मग कळलं, त्याला पुण्याच्या चुलतभावाशी खेळायचंय.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे वाटणी झाली. ऊस, विहीर, घर, सगळं मोजून झालं. भाऊजी-जाऊबाई पुण्याला गेले ते बोलणं टाकूनच. "तिकडचं नाव काढायचं नाही," असं ह्यांनी बजावलेलं. मी गप्प बसले. आपण बोलतो का हो अशा वेळी?

पण एका दुपारी ह्यांचा लॅपटॉप उघडलाच. माजघराच्या दाराशी ठेवला की त्याला वाय-फाय मिळतं. तेच पुढं एक्सबॉक्सला द्यायचं, आपल्या नळाला पाइप लावून शेजारणीला पाणी देतो तसं. दोघांत एक लॅन वायर जोडली. लॅपटॉपच्या नेटवर्क कनेक्शनच्या यादीत वाय-फायवर उजवी टिचकी, मग 'प्रॉपर्टीज', मग 'शेअरिंग', तिथल्या पहिल्या चौकोनात खूण आणि जोडणी विचारली तर 'इथरनेट'. पत्ता लॅपटॉपच देतो, १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा. आपण आकडे भरायचे नाहीत. मी मेली खूण इथरनेटच्या खिडकीत करून बसले आणि तासभर यंत्राला बोल लावला! आणखी एक, लॅपटॉप झोपला की सगळं तुटतं. झोपेची वेळ 'नेव्हर' करा. (तुमच्याकडचं यंत्र नवं असेल तर वायरही नको. विंडोज १० किंवा ११ मधला 'मोबाइल हॉटस्पॉट' चालू केला की झालं.)

दोघं माइनक्राफ्टमध्ये घर बांधायला लागले. टीव्हीतून पुतण्याचा आवाज आला आणि मी पोळी लाटायची थांबले. फुटलाय हो आवाज! गेला तेव्हा पोर होता.

आठवडाभर हे ह्यांच्या येण्याआधी वायर गुंडाळून फडताळात. शनिवारी हे लवकर आले. दारात उभे. लॅपटॉप, वायर, टीव्ही, सगळं समोर. माझ्या पोटात गोळा. तेवढ्यात तिकडून, "काका आलेत का रे घरी?"

धाकट्यानं हेडफोन काढून ह्यांच्याकडे पाहिलं. हे काही बोलले नाहीत. चप्पल काढली, लॅपटॉपकडे वाकून बघितलं.

"बॅटरी संपत आलीय," म्हणाले, आणि चार्जर आणायला आत गेले.